खड्डा धंद्याला, तारा छंदाला

अर्थिंगचे खड्डे करणं हा माझा धंदा. सोसायट्या, बंगले, छोटे कारखाने, लिफ्टची पॅनेल्स. धायरीपासून वाघोलीपर्यंत कुणाला गीझरचा झटका बसला की मला फोन येतो. त्यामुळे हॅम, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या, मंडळींत माझी ओळख ठरल्यासारखी करून दिली जाते, "यांना काय ग्राउंडचं टेन्शन, घरचंच दुकान!" मी हसून सोडून देतो. पण धंद्यात मी करतो ते अर्थिंग आणि टेकडीवर उभ्या अँटेनाखाली लागतं ते ग्राउंड, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. हे तोंडी सांगून कंटाळा आला, म्हणून आज लिहूनच टाकतो.

आधी धंद्याची बाजू. आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे पाइप अर्थिंग करायचं तर साधारण अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर चेंबर आणि पाणी ओतायला फनेल. प्लेट टाकायची तर ६०० बाय ६०० मिलिमीटरची. पुण्यात यातलं खरं काम पाइपाचं नसतं, खड्ड्याचं असतं. कोथरूड घ्या, बावधन घ्या, कात्रज घ्या, वर हात-दोन हात मुरूम आणि खाली काळा कातळ. ब्रेकर लावल्याशिवाय पुढे सरकत नाही. एवढं सगळं करून, अर्थ टेस्टर लावून जो दोन-चार ओहमचा आकडा आपण गिऱ्हाइकाला कौतुकाने दाखवतो, तो ५० हर्ट्झच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, कामाचा. फॉल्ट झाला तर करंटला वाट मिळावी आणि ब्रेकर पडावा, यासाठी.

आता तोच खड्डा हॅमच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) वापरायला जा. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खालच्या खड्ड्यापर्यंत जाणारी हिरवी वायर साधारण १० मीटर भरते. ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबीही १० मीटरच्याच आसपास. पाव तरंगलांबीच्या तारेचं एक टोक जमिनीला पक्कं बांधलं की दुसऱ्या टोकाला ती जवळपास ओपन सर्किटसारखी वागते. म्हणजे खाली एक ओहमचा खड्डा असला तरी वर रिगच्या (रेडिओ संचाच्या) बोल्टला त्याचा पत्ताच लागत नाही. वरून ती वायर सोसायटीतले एलईडी, सोलर इन्व्हर्टर आणि लिफ्टच्या ड्राइव्हची सगळी खरखर गोळा करून रिसीव्हरला आणून देते ती वेगळीच. वायर सुरक्षेसाठी हवीच, ती काढायची नाही. पण तिच्याकडून अँटेनाची कामं करून घ्यायची नाहीत. आणि गॅसच्या पाइपलाइनला क्लिप लावण्याचा विचार तर मनातही आणायचा नाही. असे सल्ले देणारे महाभाग मला भेटलेत.

टेकडीवर हा सगळा प्रश्न आणखी सोपा होतो, कारण तिथे खड्डाच नाही. नवा माणूस काय करतो? हातभर लोखंडी खुंटी ठोकतो, तिला एक वायर बांधतो आणि 'ग्राउंड केलं' म्हणतो. या खुंटीचा हिशोब मी धंद्यातल्या सूत्राने करून दाखवतो. जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर धरा. ही बरीच उदार धरली, एप्रिलमधला मुरूम याहून कितीतरी वाईट असतो. ३० सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर जाडीची खुंटी. उत्तर येतं साधारण २४० ओहम. ५० ओहमच्या अँटेनाखाली २४० ओहमची खुंटी! आणि हा आकडा कमी फ्रिक्वेन्सीचा आहे, आरएफला (रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला) त्याचा भरवसा नाहीच. वेताळ टेकडीवर तर खुंटी बोटभर आत गेली की टण्ण आवाज येतो आणि वाकते. किल्ल्यांवर तर काही ठोकायचंच नाही, तो विषय तिथेच संपला.

मग लागतं काय? एका वायरवर बल्ब लागत नाही, हे आमच्या हेल्परलाही पहिल्या दिवशी कळतं. अँटेनाचंही तेच. डायपोलला दोन हात असतात, एकात करंट जातो तेव्हा दुसऱ्यातून परततो. उभ्या व्हिपला (काठीसारख्या अँटेनाला) एकच हात आहे. दुसरा हात आपण द्यायचा, म्हणजे फीडपॉइंटपासून (जिथे केबल अँटेनाला जोडते तिथून) निघणाऱ्या तारा, रेडियल म्हणा किंवा काउंटरपॉइज म्हणा. आपण दिला नाही तर करंट थांबत नाही, स्वतःच वाट शोधतो. ती वाट म्हणजे कोअक्सच्या (रिग ते अँटेना केबलच्या) जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग, तिथून रिग, रिगमधून माइक, माइकमधून तुमचा ओठ.

हे होतंय का, ते ओळखायला उपकरण लागत नाही. ट्यून करताना कोअक्स मुठीत धरा. एसडब्ल्यूआरचा (रिग आणि अँटेना किती जुळतात ते दाखवणारा, १ म्हणजे उत्तम) काटा हलला, तर कोअक्स अँटेनाचं काम करतोय. माइकची जाळी ओठाला चावली, एफटी८ (संगणकावरून पाठवायचे डिजिटल संदेश) चालू असताना लॅपटॉपचं यूएसबी मधूनच तुटलं, मोर्सचा कीअर आपोआप डिट (टिंब) मारायला लागला, ही सगळी त्याच घरची लक्षणं.

याच कारणाने 'रेडियलची गरज नाही' असं डब्यावर छापून येणाऱ्या अँटेनांवर माझा राग आहे. गरज सगळ्यांना असते. कुणाला जास्त, कुणाला कमी. एंड-फेड हाफ वेव्हचं (एका टोकाला जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेचं) उदाहरण घ्या. तिचा फीडपॉइंट अडीच हजार ओहमच्या घरात असतो, म्हणून ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. १० वॉट पॉवर ५० ओहममध्ये गेली तर करंट ०.४५ अँपिअर, २,४५० ओहममध्ये गेली तर ०.०६४ अँपिअर. सातपट कमी. परतीचा करंटच इतका कमी की दीड-दोन मीटरची तार किंवा कोअक्सचा एक तुकडा त्याला पुरतो. म्हणजे गरज कमी झाली, नाहीशी झाली नाही. डब्यावर मात्र 'शून्य' लिहितात. पाव तरंगलांबीच्या व्हिपला ही सवलत नाही, तिच्या बुडाशीच करंट सगळ्यात जास्त असतो.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसलो तो मुद्दा.

माझं किट असं आहे: कॅमेऱ्याची जुनी तिवई, तिच्यावर साडेपाच मीटरची स्टीलची टेलिस्कोपिक व्हिप, खाली एसओ-२३९ सॉकेटची पट्टी, आरजी-५८ कोअक्स आणि हैदराबादच्या अशर फरहान यांच्या डिझाइनची यूबिटेक्स रिग. पॉवर १० वॉटच्या आसपास. २० मीटरवर व्हिप पाच मीटर खेचली की ती पूर्ण पाव तरंगलांबी होते, कॉइल लागत नाही. त्यामुळे प्रयोगाला २० मीटर उत्तम. उन्हाळ्यातली कोरडी टेकडी, पिवळं गवत, खाली मुरूम. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) थेट फीडपॉइंटला. भाचा (दिवसा माझा हेल्पर, रविवारी माझा शिष्य) तारा पसरतो आहे, मी आकडा वाचतो आहे. दर वेळी व्हिप थोडी आत-बाहेर करून १४.२ मेगाहर्ट्झवर रिअॅक्टन्स शून्य करायचा (म्हणजे अँटेना ट्यून करायची) आणि मग रेझिस्टन्स वाचायचा.

चार तारा: ५८ ओहम. आठ तारा: ४८. सोळा तारा: ४१.

"मामा, आठला एसडब्ल्यूआर एक पॉइंट झिरो फोर होता. आता एक पॉइंट टू टू झाला की. आठ काढून टाकू?"

"काढू नकोस."

"पण बिघडला ना?"

इथेच निम्मे लोक तारा गुंडाळून घरी जातात. आदर्श जमिनीवर पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाचा रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास असतो. ५० नव्हे, ३६. तो सगळा प्रसारणाचा, म्हणजे कामाचा. मीटरवर ५८ दिसतात, त्यातले ३६ कामाचे आणि २२ जमीन तापवण्याचे. कार्यक्षमता ६२ टक्के. ४८ दिसतात तेव्हा ७५ टक्के. ४१ ला ८८ टक्के. एसडब्ल्यूआर मीटरला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त ५० शी तुलना करता येते. जमिनीतला तोटा बरोबर १४ ओहम असला तर तो तुम्हाला १:१ दाखवून शाबासकी देईल, आणि तुम्ही तोटा कमी केलात की नाक मुरडेल. १.२२ ने रिगला काहीही होत नाही. भाच्याने सोळाही तारा ठेवल्या, पण चेहऱ्यावर 'मामा आता काहीही सांगतोय' हा भाव होता.

४० मीटरवर हा खेळ जास्त क्रूर आहे. तिथे पाच मीटरची व्हिप म्हणजे अष्टमांश तरंगलांबी, बुडाशी आखूडपणा भरून काढणारी लोडिंग कॉइल. एवढ्या आखूड अँटेनाचा प्रसारण रेझिस्टन्स ७ ओहमच्या आसपास. कॉइलचे स्वतःचे समजा ६. खाली दोन-तीन तारा कशाबशा टाकल्यात आणि जमिनीचे ३० आहेत. बेरीज ४३. एसडब्ल्यूआर १.१६, दिल खूश. पण ४३ मधले कामाचे फक्त ७, म्हणजे १६ टक्के. १० वॉटमधला दीड वॉट आकाशात आणि बाकी कॉइल आणि मुरमाला. आता भरपूर तारा टाकून जमिनीचा तोटा १० ओहमवर आणा. बेरीज २३, एसडब्ल्यूआर २.२ च्या जवळ, मीटर लाल होतो. पण कार्यक्षमता ३० टक्के. पॉवर जवळपास दुप्पट बाहेर जाते आहे आणि मीटर म्हणतोय अँटेना खराब झाली. मॅचिंगसाठी फीडपॉइंटवर एखादी छोटी शंट कॉइल टाका किंवा ट्यूनर वापरा, पण मॅचिंग बरं दिसावं म्हणून तारा कमी करू नका. "माझी व्हिप चाळीसवर फ्लॅट येते, तीही दोनच तारांवर" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी विषय बदलतो.

तारा किती, या प्रश्नाचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग १९३७ चा. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी ३ मेगाहर्ट्झवर २, १५, ३०, ६० आणि ११३ तारा जमिनीत पुरून मोजमापं घेतली. ब्रॉडकास्ट स्टेशनच्या मास्टखाली १२० तारा पुरण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह मास्टखालीही अशी तारांची चटई असते. आपण टेकडीवर १२० तारा न्यायच्या नाहीत हे उघड आहे. पण त्या कामातून निघालेलं आणि नंतर अनेकांनी पडताळलेलं सूत्र आपल्या फार उपयोगाचं आहे: जमिनीवर पडलेल्या तारा असतील तर थोड्या लांब तारांपेक्षा जास्त आखूड तारा बऱ्या. एकूण ४० मीटर तार असेल तर तिचे १० मीटरचे चार तुकडे करण्यापेक्षा पाच मीटरचे आठ करा. जमिनीवर टाकलेल्या तारेची लांबी मोजून-मापून कापण्यातही अर्थ नाही, जमीन तिचा रेझोनन्स खाली ओढते आणि मापाची अचूकता मातीत मिसळते. शून्य तारांवरून चारवर गेलात की जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चारवरून सोळाला चांगला पडतो. त्यापुढे पाठीवरच्या पिशवीला विचारा.

खरंच फरक पडतो का, हे हवेत तपासायला डब्ल्यूएसपीआर, म्हणजे क्षीण सिग्नल किती दूर पोचतो ते पाहायची पद्धत, आहे. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जो टेलर (के१जेटी) यांनी हे लिहिलं. पल्सार ताऱ्यांवर काम केलेला माणूस आपल्यासाठी दोन मिनिटांचे कुजबुजणारे सिग्नल बनवतो, हे मला अजूनही भारी वाटतं. चार तारा आणि सोळा तारा, आळीपाळीने एकेक खेप पाठवायची आणि एकाच दूरच्या स्टेशनचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवायचे. ६२ वरून ८८ टक्के म्हणजे दीड डीबी (डेसिबल, ताकदीतल्या फरकाचं माप). फेडिंगमध्ये तो कधी बुडतो, कधी दिसतो, पुष्कळ खेपांची सरासरी काढली की तरतो. रिगच्या एस मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या) दिसणारच नाही, कारण एक एस युनिट सहा डीबीचं. मग एवढी उठाठेव कशाला? १० वॉटवाल्याला दीड डीबी फुकट मिळत असेल तर घ्यावा. १०० वॉटवाल्याने खुशाल आठवर थांबावं.

तारा मी कशा करतो ते नीट सांगतो, कारण हे कुठेच धड लिहिलेलं नसतं. इंटरनेटवाले बिल्डिंगमध्ये लॅन केबल ओढून गेले की गच्चीवर उरलेले तुकडे टाकून जातात. पाच मीटरचा एक तुकडा घ्यायचा. वरचं आवरण ब्लेडने टोकाला चिरायचं, आतला दोरा असला तर तो धरून सोलत जायचं. आत आठ तारा, चार जोड्यांत पिळलेल्या. पीळ तसाच ठेवला तर जोडीतल्या दोन तारा मिळून एकाच तारेचं काम करतात, म्हणून तो काढायलाच हवा. हाताने काढायला बसलात तर संध्याकाळ होईल. जोडीचं एक टोक व्हाइसमध्ये किंवा भाच्याच्या पक्कडीत, दुसरं टोक ड्रिल मशीनच्या चकमध्ये, मशीन उलट्या दिशेला, हळू स्पीडवर. पाच मीटरचा पीळ बघता बघता उलगडतो. ड्रिल वेळेत थांबवा, नाहीतर उलटा पीळ बसतो. भरीव तांब्याची केबल वारंवार गुंडाळल्याने आठव्या-दहाव्या खेपेला मोडू लागते. पॅच कॉर्डची बहुपदरी तार मिळाली तर ती घ्या. असे दोन तुकडे म्हणजे सोळा रेडियल, खर्च शून्य.

जोडायला मी घरच्या वायरिंगच्या डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) बॉक्समधली पितळी अर्थ बार वापरतो. जुना बॉक्स बदलला की ही बार भंगारात जाते. ओळीने भोकं, प्रत्येकाला स्क्रू, तार सरकवा आणि पिळा. यापेक्षा सोयीचं रेडियल प्लेट मला कुठे विकत मिळालेलं नाही. बारपासून सॉकेटच्या बॉडीपर्यंत जाड, आखूड, चपटी वेणी लावायची, इथे लांब वायर लावून सगळं घालवू नका. तारांच्या दुसऱ्या टोकाला केशरी रिबनचा तुकडा बांधायचा, लोकांच्या पायात येऊ नये म्हणून. खुंट्या लागत नाहीत. तार सपाट ठेवायला दगड लागतात आणि पुण्याच्या टेकड्यांवर दगडाला तोटा नाही. बाकी मगरक्लिपा, लग, बनाना प्लग वगैरे तपकीर गल्लीत, जाळ्या आणि पितळेचं सामान बोहरी आळीत. जुन्या बाजारात एकदा बादलीभर फेराइट (चुंबकी गाभे) मिळाले होते, कुठल्या ग्रेडचे ते देवाला ठाऊक. चोकसाठी (कोअक्सच्या बाहेरून जाणारा करंट अडवायला) म्हणून मी ओळखीचा टोरॉइडच, म्हणजे कड्यासारखा गाभा, वापरतो, एफटी२४०-४३ वर कोअक्सचे दहा-बारा वेढे, फीडपॉइंटच्या अगदी जवळ. आधी तारा, मग चोक. तारा न देता नुसता चोक टाकलात तर करंटची चोरवाटही बंद होते आणि अँटेना ट्यूनच होत नाही.

जमिनीवर सोळा तारा पसरायला जागा नसेल तर दुसरा रस्ता आहे, आणि माझं मत विचाराल तर तोच जास्त चांगला: दोन किंवा चार तारा जमिनीपासून वर उचला. कमरेइतक्या उंचीवर जरी नेल्या तरी जमिनीशी त्यांची घसट खूप कमी होते आणि तोटाही. वेताळ टेकडी, तळजाई, जिथे तिथे वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प माजलेलं आहे. पर्यावरणवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण त्याच्या फांद्या रेडियल टांगायला नेमक्या उंचीच्या आहेत. फीडपॉइंटही तेवढाच वर घ्यायचा, तारा समोरासमोर ताणायच्या. इथे मात्र लांबी मोजूनच कापायची: ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. १४.२ ला ५.०२, ७.१ ला १०.०४, २१.२ ला ३.३६. मग एसडब्ल्यूआर मीटर बघून टोकं दुमडत आणा. आणि टोकाला हात लावू देऊ नका. उचललेल्या तारेच्या टोकाला व्होल्टेज जास्त असतं, १० वॉटलाही बोटाला चटका बसू शकतो. फिरायला आलेल्यांची पोरं हमखास तिथेच हात लावतात.

जाळी हा सध्या फॅशनचा विषय. परदेशात तांब्या-निकेलचा मुलामा दिलेलं कापड तिवईखाली अंथरतात. आपल्याकडे खिडकीची अॅल्युमिनियमची डासांची जाळी मीटरवर मिळते. मी मीटरभर रुंद, दोन मीटर लांब असा तुकडा वापरून पाहिला. २० मीटर आणि त्यावरच्या बँडना ठीक चालतो. तो जमिनीला प्रत्यक्ष जोडला जात नाही, कपॅसिटरच्या एका पत्र्यासारखा जमिनीशी जोड साधतो. ४० वर तेवढा आकार पुरत नाही. जाळीला टाका बसत नाही, अॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून कड दोन-तीनदा दुमडून मोठ्या वॉशरांत बोल्टने आवळायची. आणि घडी घातल्या रेषेवर ती तुटतेच. बाकावर बसून, तीन फुटांच्या जागेत काम करायचं असेल तर जाळी. पसरायला जागा असेल तर तारा. यात मला दुमत दिसत नाही.

गच्चीवरची पत्र्याची शेड मात्र खरोखर उत्तम. पुण्यातल्या निम्म्या जुन्या इमारतींनी गळती थांबवायला वर पत्रा टाकलाय. एवढा मोठा धातूचा पृष्ठभाग कोण देतं? एका जे-हुकपाशी रंग खरवडून क्लिप लावा आणि व्हिप उभी करा. एकच दोष: गंजलेले जोड. दोन पत्र्यांमध्ये गंज आला की तो जोड डायोडसारखा वागतो, हार्मोनिक आणि मिश्र सिग्नल तयार करतो, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा टीव्ही फरफरतो. गॅलरीचं ग्रिल, जिन्याचं रेलिंग यांचंही तसंच: लांब, सलग, वेल्डिंग केलेलं असेल तर छान, फिशर ठोकून तुकड्या-तुकड्यांनी बसवलेलं असेल तर भरवसा नाही. गाडीची बॉडी २० मीटरला चांगली, ४० ला जेमतेम, तेव्हा चॅसिसला आणखी दोन तारा जोडा. स्कूटरवर व्हिप लावायची माझी फार इच्छा होती, पण आताच्या स्कूटरना निम्मी बॉडी प्लास्टिकची, ग्राउंड कुठलं शोधणार?

पाण्याबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. "खडकवासल्याच्या काठावर जाऊ, पाण्याचं ग्राउंड मिळेल" असं दर उन्हाळ्यात कुणीतरी सुचवतं. धरणाचं पाणी गोडं. त्याची वाहकता साध्या मातीच्या आसपासच, कधी तिच्याहूनही कमी. तिथे जा, वारा छान असतो, भजी मिळतात, आवाज शांत असतो, पण पाण्यासाठी म्हणून जाऊ नका. समुद्र वेगळा. खाऱ्या पाण्याची वाहकता साधारण ५ सीमेन्स प्रति मीटर, म्हणजे साध्या जमिनीच्या हजारपट. ७ मेगाहर्ट्झचा करंट समुद्रात आठ-नऊ सेंटिमीटरच्या आतच वाहतो, मातीत तो कित्येक मीटर खोल शिरून तिथे उष्णता करत बसतो. काशीदला ओल्या वाळूवर व्हिप उभी करून पाण्याच्या दिशेने दोन तारा टाकल्या की तोच रेडिओ वेगळा वाटायला लागतो. यात तारांचं कौतुक थोडंच आहे. रेडियल फक्त अँटेनाच्या पायाजवळचा तोटा वाचवतात. क्षितिजाजवळून, कमी कोनात जाणारा सिग्नल किती टिकतो हे समोरच्या पुष्कळ दूरवरच्या जमिनीवर ठरतं आणि त्या जमिनीला आपण कितीही तारा घातल्या तरी पुरणार नाहीत. घरी आल्यावर सगळ्या पितळी जोडांना गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या खेपेला हिरवी पूड निघते.

टेकडीवर लोकांशी बोलणं ही अँटेना लावण्याइतकीच मोठी कामगिरी. "काय, मोबाइलचा टॉवर टाकताय का इथे?" हा पहिला प्रश्न. "परवानगी आहे का?" हा दुसरा, तो विचारणारे काका बहुतेक निवृत्त आणि नेहमी बरोबर असतात. लायसन्सची झेरॉक्स खिशात ठेवा, तारा पायवाट ओलांडू देऊ नका, आणि रिगचा स्पीकर चालू ठेवा. मोर्समधून कुणीतरी बोलतंय हे ऐकलं की काकांचा सूर बदलतो. निघताना तारा मोजून गुंडाळा. जमिनीला मिळत्याजुळत्या तपकिरी रंगाची जोडी सगळ्यात आधी मागे राहते, म्हणून ती आधी शोधा.

शेवटी परत धंद्यावर येतो, कारण हे कुणी विचारत नाही. या तारा वीज पडण्यापासून वाचवत नाहीत. सोळाच काय, शंभर पसरल्या तरी नाही. घरच्या वायरिंगचं अर्थिंग, तडितरक्षक आणि आरएफचं ग्राउंड ही तीन वेगळी कामं आहेत आणि टेकडीवर तुमच्याकडे फक्त तिसरं आहे. मे महिन्यात दुपारनंतर सिंहगडाच्या बाजूने ढग चढायला लागले की वळीव तासाभरात डोक्यावर असतो. उघड्या टेकडीवर साडेपाच मीटरची स्टीलची काठी घेऊन बसलेला माणूस त्या वेळी सगळ्यात उंच असतो. पहिला गडगडाट ऐकू आला की क्यूएसओ (चालू संभाषण) अर्धा सोडायचा, समोरचा समजून घेतो. व्हिप मिटवायची, कोअक्स रिगपासून काढायचा, तारा वाटल्यास तिथेच राहू द्यायच्या आणि खाली उतरायचं. तारा दुसऱ्या दिवशी जाऊन आणता येतात.